सिरपूर तलाव: बेशरमाच्या झुडपातला तपकिरी वॉर्बलर कोणता?

तळ्याकाठी (इंदूर)
डिसेंबर, सकाळ. चिमणीहून बारीक पक्षी, पाठ एकसारखी मातकट, पोट पांढुरकं, डोळ्यावर फिकट भुवई, आवाज सुका "चक्". सतत जाळीत शिरतो, त्यामुळे फोटो अर्धेमुर्धेच. राखी वटवट्या नक्की नाही. ओळख कशावरून पक्की करायची?

पाणकणीस
आधी शेपूट बघा. लांब, पायरीपायरीची आणि बऱ्याचदा वर उचललेली असेल तर साधा वटवट्या, विषय संपला. टोक सरळ कापल्यासारखं, कडेला पांढुरकी किनार, चोच आखूड असेल तर बूटेड वॉर्बलर. पाय काळे आणि चोच सुईसारखी असेल तर चिफचॅफ. टोक गोलाकार आणि शेपटीखालची पिसं लांब असतील तरच रीड वॉर्बलर.

मग भुवई, म्हणजे रीड वॉर्बलरच्या दोन जातींतला, ब्लाइथ आणि पॅडीफील्डमधला फरक. ब्लाइथची चोचीपासून डोळ्यापर्यंत ठळक, मागे जेमतेम. पॅडीफील्डची डोळ्यामागेही रुंद जाते, तिच्यावर गडद रेघ असते आणि डोळ्यातून जाणारी पट्टीही गडद. ब्लाइथची चोच लांब. पॅडीफील्डची आखूड, खालच्या चोचीचं टोक काळसर. रंगावर मात्र जाऊ नका. कोवळ्या उन्हात ब्लाइथही तांबूस दिसतो.

दुर्बीणवाला, वडोदरा
जागेवरून अंदाज येतो, पुरावा मिळत नाही. ब्लाइथ नुसता नावाला रीड, म्हणजे पाणगवतातला. थंडीत तो घाणेरीत, बागेत, थेट आंब्यावरही असतो. पॅडीफील्ड सहसा पाणकणीस आणि ओलं गवत सोडत नाही. बेशरम दोघांनाही चालतो. "चक्" तर बूटेडही करतो. क्लॅमरस हा तिसरा रीड वॉर्बलर जवळपास बुलबुलाएवढा, त्याच्याशी गल्लत व्हायचं कारण नाही.

तळ्याकाठी (इंदूर)
एका फोटोत भुवई डोळ्यामागे किंचित जाते, वर गडद रेघ नाही. चोच लांब वाटते.

पाणकणीस
बहुतेक ब्लाइथ. पण फोटो उजळलाय का? एक्सपोजर वाढवलं की भुवई पसरते आणि गडद रेघ पुसली जाते, म्हणून मूळ फाइल बघा. पुढच्या वेळी ऊन पाठीशी घ्या, शटर 1/1000 च्या वर ठेवा, बर्स्ट (सलग फोटो) लावा. डोकं बाजूने आणि शेपूट खालून, असे दोन फोटो पुरतात. फोनवर "चक्" रेकॉर्ड करून ठेवा, पण पक्ष्याला आवाज ऐकवून बाहेर काढू नका. तेवढंही जमलं नाही तर यादीत "ॲक्रोसेफॅलस, जात अनिश्चित" लिहा, म्हणजे नुसतं रीड वॉर्बलरांचं शास्त्रीय कुळनाव.