इंडिकेटर चालू राहिल्याची आठवण देणारा दिवा घरी कसा बसवावा?

घाटवाट (प्रश्न):
माझ्या जुन्या मोटरसायकलच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरसाठी मिळून एकच हिरवा दिवा आहे आणि दुपारच्या उन्हात तो पेटला आहे की नाही, हे मान खाली घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. गेल्या आठवड्यात उजवीकडे वळून झाल्यावरही इंडिकेटर तसाच चालू राहिला. मी पुन्हा वळेन म्हणून मागचा टेम्पोवाला बराच वेळ रेंगाळला आणि अखेर वैतागून डावीकडून पुढे गेला. त्यामुळे हँडलच्या मधोमध एक पिवळा एलईडी बसवण्याचा विचार आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या वायरी एकत्र जोडल्या तर चालेल का, की बझर लावणे बरे?

तांब्याची तार:
वायरी थेट एकत्र जोडू नका, कारण डावीकडचा प्रवाह उजवीकडच्या बल्बांतही शिरेल आणि कोणतीही बाजू लावली तरी चारही इंडिकेटर लुकलुकतील. प्रत्येक वायरीवर १एन४००७ हा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) लावावा, दोन्ही डायोडची चंदेरी पट्टी असलेली टोके एकत्र जोडावीत आणि तेथून १ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) व एलईडी घेऊन शेवट अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला जोडलेल्या वायरीला, न्यावा. गाडी चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्या हिशेबाने एलईडीतून सुमारे ११ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. १० वॅटच्या दोन बल्बांपुढे हा भार नगण्य असल्याने फ्लॅशरच्या (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाच्या) गतीत फरक पडणार नाही.

होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये डावीकडची वायर नारिंगी, उजवीकडची फिकट निळी आणि अर्थची हिरवी असते. इतर गाड्यांचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून जोडणीपूर्वी मल्टिमीटर लावून खात्री करावी. ही जोडणी हेडलाइटच्या डोममध्ये केल्यास पावसापासून बचाव होतो. मात्र हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि वायरीला तेवढी ढील ठेवावी.

रविवारचा मेकॅनिक:
बझरविषयी माझा अनुभव सांगतो. मी तो हौसेने बसवला होता, पण सिग्नलला उभे असताना शेजारचे दुचाकीस्वार वळून पाहू लागले आणि आठ दिवसांत मीच त्याची वायर काढून टाकली. शिवाय महामार्गावर हेल्मेटमधून वाऱ्याच्या आवाजापुढे तो धड ऐकूही येत नव्हता. एलईडीच बरा, फक्त सर्वांत प्रखर एलईडी निवडू नये, रात्री डोळ्यांवर येतो. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत हे सारे सुटे भाग किरकोळ पैशांत मिळतात.

घाटवाट:
काल संध्याकाळी जोडणी केली. उजवा इंडिकेटर नीट लागतो, पण तेव्हा नवा एलईडी पेटत नाही. डावा लावला की एलईडी पेटतो आणि चारही इंडिकेटर लुकलुकतात. नेमके कुठे चुकले असावे?

तांब्याची तार:
उजवीकडचा डायोड उलटा बसला आहे. तो उजवीकडून येणारा प्रवाह अडवतो, म्हणून एलईडी पेटत नाही. उलट डावीकडून आलेल्या प्रवाहाला मात्र तो उजव्या बल्बांकडे वाट करून देतो. चंदेरी पट्टी एलईडीच्या दिशेला येईल असा तो फिरवून पुन्हा सोल्डर करा.

घाटवाट:
पट्टी खरोखरच उलट्या बाजूला होती. हीट श्रिंक नळी (उष्णतेने आकसून जोडावर घट्ट बसणारे आवरण) आधीच चढवल्यामुळे ती दिसत नव्हती. नळी कापून डायोड फिरवला आणि आता दोन्ही बाजू व्यवस्थित चालतात.