गोर्बाचेव्हनी नाटोबद्दल लिहून का नाही घेतलं?

घाटावरचा:
युक्रेनचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, १९९० साली अमेरिकेने रशियाला (म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनला) शब्द दिला होता नाटो एक इंचही पूर्वेकडे सरकणार नाही म्हणून, आणि नंतर फसवलं. बरं दिला असेल. पण गोर्बाचेव्ह म्हणजे एवढ्या मोठ्या देशाचा प्रमुख, केजीबीसारखी गुप्तहेर संस्था हाताशी, परराष्ट्र खात्यात मुरलेली माणसं, आणि हे लिहून घेत नाहीत? आपल्याकडे दोन गुंठ्यांचा व्यवहार असला तरी आधी इसारपावती होते मग चहा. भोळे होते की मुद्दाम सोडून दिलं? ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा, यूट्यूबच्या लिंका नकोत प्लीज.

जुनी_कात्रणं:
तारखा नीट बघितल्या तर बरंच उलगडतं. ९ फेब्रुवारी १९९०, बर्लिनची भिंत पडून तीनच महिने झालेत, पूर्व जर्मनीत साडेतीन लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक बसलेत. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री बेकर क्रेमलिनमध्ये गोर्बाचेव्हना विचारतो की एकत्र झालेला जर्मनी नाटोच्या बाहेर, मोकाट असलेला चालेल, की नाटोत असलेला पण नाटोची हद्द आहे तिथून एक इंचही पूर्वेला न सरकता? गोर्बाचेव्ह म्हणाले हद्द वाढणं आम्हाला मान्य नाही, बेकर म्हणाला आम्हालाही. संपलं. तो 'इंच' एवढाच. आणि विषय पूर्व जर्मनीचा चालला होता, पोलंड हंगेरी तेव्हा वॉर्सा करारातच (सोव्हिएत लष्करी गटात) होते, त्यांच्याबद्दल लिहून मागायचं म्हणजे आपला गट फुटणार हे स्वतःच कबूल करायचं.
दुसऱ्याच दिवशी पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर हेल्मुट कोल मॉस्कोत. त्याला गोर्बाचेव्हनी सांगून टाकलं की एकत्र यायचं की नाही हे जर्मनांनी ठरवावं, आणि कोलने त्याच रात्री ते पत्रकारांसमोर जाहीर केलं. त्याचं काम पक्कं झालं, गोर्बाचेव्हच्या पदरात काय? दोन आठवड्यांनी कॅम्प डेव्हिडला अमेरिकेचा अध्यक्ष बुश कोलला साफ म्हणाला की जिंकलोय आपण, ते नाही. बेकरची ती 'हद्दी'ची भाषा तोवर वॉशिंग्टनने गुंडाळलीच होती, कारण अर्धा देश नाटोत आणि अर्धा बाहेर हे चालणार कसं.

ऋतुजा_के:
कात्रणं काका, मेमधला प्रसंग राहिला, मला तर तोच सगळ्यात भारी वाटतो. ३१ मे, व्हाइट हाऊस. बुशने सहज विचारल्यासारखं विचारलं की हेलसिंकी करारानुसार प्रत्येक देश आपला गट आपण निवडू शकतो, मग जर्मनीलाही तो हक्क आहे ना? गोर्बाचेव्ह हो म्हणाले!! अमेरिकन बाजूच्या एकाने पटकन बुशकडे चिठ्ठी सरकवली की परत म्हणायला लावा, बुशने परत विचारलं, हे परत हो म्हणाले. इकडे गोर्बाचेव्हच्याच बाजूचे सल्लागार मार्शल अख्रोमेयेव्ह आणि फालिन यांची टेबलावरच कुजबुज आणि हातवारे सुरू, अमेरिकन बघतच राहिले. आपला परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झेला गोर्बाचेव्हनी सांगितलं हा विषय तुम्ही हाताळा, तर तो सगळ्यांदेखत नाही म्हणाला. ज्याची स्वतःची टीम अशी फुटलेली, तो समोरच्याकडून काय लिहून घेणार?

खवट_म्हातारा:
तुम्ही सगळे परराष्ट्र धोरण परराष्ट्र धोरण करताय, खिशाचं कोणीच बोलत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, बस. मॉस्कोत दुकानं रिकामी, परदेशी बँका कर्ज देईनात. मे महिन्यात कोलचा सल्लागार टेल्चिक दोन जर्मन बँकांचे बडे लोक घेऊन गुपचूप मॉस्कोला जाऊन आला, त्यातून ५ अब्ज मार्कांचं कर्ज मिळालं. सप्टेंबरात तर फोनवर चक्क घासाघीस झाली, कोल ८ अब्ज म्हणतो, गोर्बाचेव्ह म्हणतात एवढ्यात सैन्य न्यायचं कसं नि घरं बांधायची कशी, मग १२ अब्ज आणि वर ३ अब्ज बिनव्याजी असं ठरलं. रक्कम मागितली, हमी नाही मागितली. माझ्या मते भोळेपणा नाही, त्यांना पैसे जास्त महत्त्वाचे वाटले.

जुनी_कात्रणं:
खवटराव पैशाचं मान्य, पण नुसते पैसे घेऊन ते उठले असंही नाही. लिहून घेतलं की. १२ सप्टेंबर १९९० चा मॉस्कोचा करार, दोन जर्मनी अधिक चार देशांचा (अमेरिका, सोव्हिएत युनियन, ब्रिटन, फ्रान्स), काढून वाचा. जर्मन सैन्य ३ लाख ७० हजारांच्या वर नाही, अण्वस्त्रं नाहीत, पोलंडची सीमा कायम. आणि कलम ५ प्रमाणे पूर्व जर्मनीच्या भागात परदेशी सैन्य आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत, हे आजही लागू आहे. त्यावरूनसुद्धा सहीच्या आदल्या रात्री राडा झाला. ब्रिटिश अडून बसले की सोव्हिएत गेल्यावर आमच्या फौजांना तिथे सरावाला जाता आलं पाहिजे, सही बोंबलायची वेळ आली, पश्चिम जर्मनीचा परराष्ट्रमंत्री गेन्शरने मध्यरात्रीनंतर बेकरला हॉटेलात झोपेतून उठवलं. शेवटी जोडटीप टाकली की 'तैनात' कशाला म्हणायचं ते जर्मन सरकार ठरवेल. म्हणजे परदेशी फौजांना पूर्व जर्मनीची जुनी रेषा ओलांडायची फट तिथेच राहिली, आणि तिच्यावर मॉस्कोचीही सही आहे.

घाटावरचा:
हे कलम ५ चं पहिल्यांदाच ऐकतोय, धन्यवाद. पण मग 'फसवलं' म्हणणारे पूर्ण खोटं बोलतात का?

ऋतुजा_के:
पूर्ण खोटं नाही. २०१४ च्या एका मुलाखतीत खुद्द गोर्बाचेव्ह म्हणाले की नाटोच्या विस्ताराचा विषय तेव्हा चर्चेतच आला नव्हता, पण पुढे जे झालं ते तेव्हाच्या बोलण्याच्या विरोधात गेलं. दोन्ही गटांचे लोक आपल्याला सोयीचं तेवढंच अर्धं वाक्य उचलतात. पोलंड, हंगेरी, चेक १९९९ ला आत आले तेव्हा ना सोव्हिएत युनियन उरली होती ना वॉर्सा करार, आणि ते देश स्वतः दार ठोठावत होते, हे रशियाच्या बाजूने बोलणारे कधीच सांगत नाहीत. आणि बेकर, गेन्शर तोंडी काय काय बोलले होते ते अमेरिकेवाले सांगत नाहीत.

घाटावरचा:
आणि ते साडेतीन लाख सैनिक? गेले का सगळे?

खवट_म्हातारा:
गेले. ३१ ऑगस्ट १९९४ ला बर्लिनमध्ये निरोप समारंभ झाला. रशियाचा अध्यक्ष येल्त्सिन भर दुपारी झिंगलेला, बॅंडवाल्याच्या हातातली काठी घेऊन स्वतःच बॅंड चालवायला लागला. लिंका नको म्हणालात म्हणून देत नाही, पण बघाच.