इंडियन ओशन : तेव्हा न रुचलेला बँड आज का रुचतो?

गंगाघाट, नाशिक

नमस्कार.

दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडविषयी माझे मत अनेक वर्षे ठाम होते आणि विचारणाऱ्याला, क्वचित न विचारणाऱ्यालाही, मी ते ऐकवत असे : हे ना धड शास्त्रीय, ना धड लोकसंगीत, ना धड रॉक. २००० साली त्यांचा ‘कंदीसा’ हा अल्बम आला तेव्हा मी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करत होतो. पलुस्करांनी ज्या गावात आश्रम काढला त्या गावात गाणे शिकत असल्याचा थोडा अभिमानही होता, आणि कॉलेज रोडवरची गिटारवाली मुले ज्याची तारीफ करतात ते आपण ऐकायचे नसते, अशी आमच्या वर्गात एक अलिखित समजूत होती.

माझे आक्षेप मात्र निव्वळ समजुतीवर उभे नव्हते. रागाची चाहूल लागते, पण राग पुढे सरकत नाही; एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी जवळजवळ तशीच येते; गायक बराच वेळ शब्दांविना गातो, पण त्याला आलाप म्हणावे अशी बढत, म्हणजे सुरांची टप्प्याटप्प्याने वाढ, त्यात नसते.

अलीकडे नर्मदा परिक्रमा करून आलेल्या माझ्या मावशीने रेवामाईचे एक पारंपरिक गीत म्हणून दाखवले. तेच गीत या बँडने ‘माँ रेवा’ या नावाने ‘कंदीसा’मध्ये घेतले आहे, हे भाच्याने सांगितले आणि लगेच लावूनही दिले. पूर्वी पाच मिनिटांत बंद केलेला तो अल्बम मी त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकला, आणि तेव्हापासून रोज काही ना काही ऐकतो आहे.

माझ्या एका गुरुभगिनीचे म्हणणे असे, की वय वाढले की कानाची शिस्त सैल होते, बाकी काही नाही. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही, कारण वरच्या तीन आक्षेपांपैकी एकही मी आजही मागे घेऊ शकत नाही. मग आवडते आहे ते नेमके काय? जाणकारांनी सांगावे. यापुढे काय ऐकावे, आणि बँडचे गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती वारल्यानंतरचा बँड ऐकण्यासारखा आहे का, हेही कळवावे.

ठेका सोळा, सातपूर

गंगाघाट, आपले तिन्ही आक्षेप बरोबर आहेत, पण ते ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या, बैठकीचे आक्षेप आहेत. बैठकीत एक मुख्य कलाकार असतो. तबला, पेटी, तानपुरा त्याला साथ करतात आणि बढत होते ती त्याच्या गळ्यात. आपला कान या बँडमध्ये तो मुख्य कलाकार शोधत होता. इथे पुष्कळदा गाण्याची ओळ जागेवर थांबते आणि तिच्याखालचे सगळे हलत राहते. ‘माँ रेवा’ पुन्हा लावा आणि या वेळी गाण्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त राहुल राम यांची बेस, म्हणजे खर्जातली, गिटार ऐका. मग तीच तीच ओळ दर फेरीला वेगळ्या जागी उभी असल्यासारखी वाटेल.

मी तबला शिकवतो, म्हणून असीम चक्रवर्तींविषयी थोडे अधिक लिहितो. ते तबला वाजवता वाजवता गात. हे सांगायला सोपे आहे. आपल्याकडे गाणारा आणि वाजवणारा असे दोन जण असतात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन ते एकमेकांकडे पाहतात. इथे दोन्ही कामे एकाच माणसाकडे असल्यामुळे गळा आणि हात यांचा श्वास एक आहे. तबल्याच्या बोलांच्या मध्ये जी मोकळी जागा सुटते, नेमकी तिथेच स्वराची उचल येते, असे अनेक ठिकाणी जाणवेल. शब्दांविना गाण्याला आपण आलापाचा निकष लावता, मी त्याला वाद्याचा निकष लावतो. २५ डिसेंबर २००९ रोजी ते गेले आणि त्यांच्या जागी बँडला दोन माणसे घ्यावी लागली, गायनासाठी हिमांशू जोशी आणि तबल्यासाठी तुहिन चक्रवर्ती, यातच काय ते आले.

आणखी एक गोष्ट नाशिककरांना विशेष रुचेल. ड्रम वाजवणारे अमित किलम मधूनच गबगुबी नावाचे बंगाली वाद्य हाती घेतात. तळाला चामडे, त्यातून निघालेली तार एका हाताने ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची, ताण बदलला की स्वर बदलतो. म्हणजे देवीच्या गाण्यात आपण ऐकतो त्या चौंडक्याचीच ही बहीण. वणीच्या वाटेवर चौंडके ऐकताना राग पुढे का सरकत नाही, असे आपण विचारत नाही.

क्रमाने ऐकायचे तर ‘डेझर्ट रेन’ आधी घ्या. १९९७ साली आलेले ते थेट कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे, त्यामुळे चौघे एकमेकांना कसे ऐकतात ते त्यात स्पष्ट कळते. त्यानंतर २००३ चा ‘झीनी’ ऐका.

जुनी कॅसेट, गंगापूर रोड

वयाच्या मुद्द्याबद्दल माझा अनुभव लिहिते. माझा बँड वेगळा आहे, पण प्रश्न हाच आहे.

आमच्या तरुणपणी ‘आबा’ या स्वीडिश चौकडीची गाणी प्रत्येक स्नेहसंमेलनात वाजत, आणि मी त्यांना ‘वाढदिवसाची गाणी’ म्हणत असे. पुढे ‘द विनर टेक्स इट ऑल’ नीट ऐकले. ते १९८० सालचे आहे. चौकडीतले ब्यॉर्न आणि आग्नेथा हे पती-पत्नी विभक्त झाल्यावर ब्यॉर्नने ते शब्द लिहिले आणि गायले आग्नेथाने. एवढे कळल्यावर कोणाचेही मन विरघळेल, म्हणून ते मी पुरावा मानत नाही. मला पालटवले ते ध्वनिमुद्रणाच्या माहितीने. त्यांचे ध्वनिमुद्रक मिखाएल ट्रेटो संपूर्ण वाद्यमेळ एकदा मुद्रित करत आणि मग टेपचा वेग किंचित बदलून तोच पुन्हा वाजवून घेत. दोन्ही थर एकावर एक आले की सूक्ष्म फरकामुळे नाद जाड आणि चकाकता होतो. मला जो ‘गुळगुळीतपणा’ खटकत असे, तो कोणीतरी अशी मेहनत घेऊन घडवला होता. हे समजल्यावर मी त्या थरांसाठीच ऐकू लागले.

म्हणून आपल्या गुरुभगिनींना सांगा, की शिस्त सैल झालेल्या माणसाला सगळेच आवडू लागते. मला त्या काळातले इतर पुष्कळ संगीत आजही सहन होत नाही. आणि ‘गिटारवाली मुले ज्याची तारीफ करतात’ हे जे आपण ओघात लिहून गेलात, तिथे जरा थांबा. आपण बँड नाकारत होतात की त्या मुलांची संगत?

इंदिरानगरकर

मला हा बँड तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही. ठेका सोळा यांचे विवेचन मान्य आहे; मात्र खालचे सगळे हलते म्हणून वरची ओळ तशीच ठेवायला मुभा मिळते, हे मान्य नाही. लोकगीतात पुनरावृत्ती असते ती नाचणाऱ्यांसाठी, चालणाऱ्यांसाठी, दळणाऱ्यांसाठी. खुर्चीत बसून ऐकणाऱ्यापुढे तीच पुनरावृत्ती मांडली तर तिने काहीतरी अधिक द्यायला हवे. ‘झीनी’तला कबीर तर कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकलेल्या माणसाने जपूनच ऐकावा. एक मात्र कबूल करतो : ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटासाठी त्यांनी केलेले ‘बंदे’ हे गाणे आटोपशीर आहे आणि पीयूष मिश्रांच्या शब्दांना त्यात पुरेशी जागा मिळते.

गंगाघाट, नाशिक

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे फक्त बेस गिटार ऐकून पाहिली. सुरुवातीला ती सापडेचना, कारण भ्रमणध्वनीच्या छोट्या ध्वनिक्षेपकातून ती जवळजवळ ऐकूच येत नाही; हेडफोन लावल्यावर सापडली. चौंडक्याचा दाखला तर बिनतोड आहे.

जुनी कॅसेट ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, आणि त्यांपैकी संगत नाकारणे मला अधिक सोपे होते. इंदिरानगरकर, पुनरावृत्तीने काय अधिक द्यावे हा आपला प्रश्न मी ‘झीनी’ ऐकताना समोर ठेवणार आहे. कुमारजींशी तुलना मात्र टाळीन, कारण त्या तुलनेत आपल्या बैठकीतलेही फारसे कोणी टिकत नाही. असीम चक्रवर्ती हयात असताना मुद्रित झालेली आणि २०१० साली बँडने इंटरनेटवर विनामूल्य दिलेली ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममधली गाणी भाच्याने पाठवली आहेत. त्यांच्याविषयी कोणाला काही सांगायचे असेल तर ऐकण्यापूर्वी वाचायला आवडेल.