मदत हवी आहे: संगीत दणदणीत, निवेदन मात्र ऐकूच येत नाही

आजीला (वय 81) टीव्हीवर दोनच गोष्टी लागतात, जुने कृष्णधवल सिनेमे आणि प्राण्यांचे माहितीपट. 'श्यामची आई' (1953) लावला की 18 वर आवाज पुरतो, शब्द न् शब्द कळतो, पदर डोळ्यांना लागतो. 'प्लॅनेट अर्थ 2' मध्ये मात्र इग्वानाच्या पिल्लामागे साप लागले की "अरे पळ मेल्या!" म्हणत खुर्चीतून अर्धी उठते आणि लगेच मला विचारते, "तो बाबा काय म्हणाला रे?" निवेदनासाठी 35 केला, तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. (त्यांचंही चूक नाही.)

माझा अंदाज: जुना सिनेमा मोनो (सगळा आवाज एकाच चॅनेलवर), त्यात संवादच पुढे. माहितीपट 5.1 मध्ये (सहा चॅनेलचा सराउंड आवाज), निवेदन मधल्या चॅनेलवर आणि आमच्या टीव्हीला दोनच स्पीकर, तेही तळाशी.

साउंड मोड बदलून संवाद उठावदार केले, थोडाच फरक. अ‍ॅपमध्ये 5.1 ऐवजी स्टिरिओ निवडलं, जवळपास शून्य. सबटायटल्स तिला भरभर वाचवत नाहीत. हेडफोन बाद, कारण कानामागचं श्रवणयंत्र शिट्टी मारतं; त्याला ब्लूटूथही नाही.

टीव्ही 43 इंची, बाहेरच्या स्पीकरला आवाज देणारे एचडीएमआय एआरसी आणि ऑप्टिकल असे दोन्ही पोर्ट आहेत. बजेट 12 हजार. सबवूफर (धमधमणारा बेस स्पीकर) नको, काका आहेत.

मधल्या चॅनेलचा आवाज वेगळा वाढवता येणारा साउंडबार या पैशांत खरंच उपयोगी पडतो का? की तिच्या खुर्चीशेजारी छोटा वायरलेस स्पीकर ठेवावा, आणि तसं केलं तर टीव्हीचा आवाज सोबत चालू राहील का, मागेपुढे न होता?