मिकेलचं उदाहरण

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शहरांत महापौर हे नुसतं मानाचं पद होतं, असं कुणी कुणी म्हणतं. ते पटलं नाही. ते पगारी, पूर्णवेळ काम होतं आणि त्यावर बहुतेक कायदा शिकलेली माणसं येत. एका शहरात नाव कमावलं की मोठं शहर बोलावून घेई.

योहानेस मिकेल (जन्म 1828) घ्या. गटिंगेनमध्ये वकिली करायचा. तरुणपणी चक्क कम्युनिस्ट लीग या क्रांतिकारी संघटनेत होता, मार्क्सशी पत्रव्यवहारही होता! पुढे उदारमतवादी झाला, 1859 मध्ये 'नॅशनलफेराइन' या जर्मन एकीकरणासाठीच्या संघटनेच्या स्थापनेत पुढे होता. 1865 मध्ये ओस्नाब्र्युकचा महापौर. मधली काही वर्षं बर्लिनच्या एका बड्या बँकेत संचालक, मग पुन्हा ओस्नाब्र्युक, आणि 1880 ते 1890 फ्रँकफुर्ट. तिथलं मुख्य रेल्वे स्थानक (1888) याच काळातलं. माइन नदी मोठ्या जहाजांसाठी खोल केली गेली, नवं बंदर झालं. शहराचा पैसा नीट लावणारा माणूस अशी ख्याती झाली.

तीच पुढे कामी आली. 1890 मध्ये तो प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याचा अर्थमंत्री झाला आणि 1891 मध्ये चढत्या दराचा आयकर आणला: वर्षाला 900 मार्कांपर्यंतच्या कमाईला माफी, वरच्या टोकाला 4 टक्के. 3000 मार्कांवर कमाई असेल तर ती स्वतः जाहीर करायची. आज 4 टक्के ऐकून हसू येईल, पण तेव्हा धनिकांना तेही जड वाटलं. 1897 मध्ये आडनावाआधी 'फॉन' लागलं, म्हणजे तो उमराव झाला. मार्क्स तेव्हा हयात नव्हता, नाहीतर काय म्हणाला असता कोण जाणे.