हवामानबदल न मानणाऱ्यांशी तुम्ही कसे बोललात? अनुभव सांगा

धागाकर्ती, निफाड
माझे सासरे पन्नास वर्षं द्राक्षबागेत आहेत. "बहात्तरचा दुष्काळ बघितला असतास तर असं बोलली नसतीस. हे निसर्गाचं चक्र आहे," म्हणाले. मी हवाईतल्या मौना लोआच्या वेधशाळेचे आकडे दाखवले: 1958 साली हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 315 भाग कार्बन डायऑक्साइड, आता 420च्या वर. "आकडे असतील खरे. पण ऊन त्यामुळेच वाढलं कशावरून?" प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर देता आलं नाही.

भौतिकशास्त्राची शिक्षिका, सांगली
माझा मामा दर दिवाळीला म्हणायचा, "सूर्यच जास्त तापतोय." यंदा मी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे वातावरणाचे थर काढले. सूर्य तापत असता तर वरचा थरही तापायला हवा होता. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, थंड होतोय. गोधडी पांघरली की ऊब आत राहते, बाहेर कमी जाते, कार्बन डायऑक्साइडचं तसंच काहीसं. मामानं पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला आणि विचारलं, "हे मोजलं कुणी?" फुगे सोडून आणि उपग्रहांनी, म्हटलं. उपग्रह 1978पासून सूर्याचं तेजही मोजताहेत, ते वाढलेलं नाही. त्याला सगळं पटलं असं नाही, पण पत्रिका त्यानं खिशात घातली.

श्रीवर्धन
मी हरलो तो अनुभव लिहितो. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं, वाडीतल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. मी काकांना म्हणालो, हे हवामानबदलामुळेच. "वादळं काय आधी येत नव्हती?" काका म्हणाले, आणि ते बरोबर होते. एका वादळावर बोट ठेवून सिद्ध काहीच होत नाही. अरबी समुद्र तापतोय आणि तापलेल्या पाण्यातून वादळाला बळ मिळतं, एवढंच मी म्हणायला हवं होतं.

पुणे
ऑफिसातला मित्र म्हणायचा, शहरं वाढली म्हणून तापमापक तापले. रिचर्ड मुलर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञालाही नोंदींबद्दल शंका होती. त्यांच्या गटानं त्या नव्यानं तपासल्या, शहरांपासून लांबची केंद्रं वेगळी काढून पाहिली. तापमानवाढ तशीच दिसली. 2012मध्ये त्यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर लिहिलं. शंका घेणाऱ्यानंच तपासलं, हे मित्राला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त भिडलं.

धागाकर्ती
गोधडीचं आत्ताच बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बागेकडे बघत बसले, मग म्हणाले, "थंडीत आभाळ आलं की रात्र उबदार जाते, निरभ्र असलं की गारठा पडतो. तसंच का हे?"