कानबाईच्या जागरणात बायांनी परत गावं म्हणून काय करता येईल?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंदकीची, म्हणजे एका कुळातल्या सगळ्या घरांची मिळून, कानबाई (आपली खानदेशची देवी) बसते, रोट म्हणजे तिचा गव्हाचा नैवेद्य असतो, पुण्या-सुरतेची सगळी घरं येतात, गर्दीला तोटा नाही. पण जागरणाला आता मोठे स्पीकर लावतात न त्यावर मोबाईलमधली गाणी. आधी कसं, एखादी आजी ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या, मधेच कोणी आपल्या माहेरचं कडवं घुसवायची, मग फुगड्या, असं पहाटेपर्यंत चालायचं. आता त्याच बाया भिंतीला टेकून बसतात, शेजारणीशी बोलायचं तरी कानात ओरडावं लागतं. कोणाच्या गावाने हे बदलून पाहिलंय का?

धुळ्याची_ताई:
स्पीकर बंदच करा असं म्हणू नका, पोरं बिथरतात. आमच्या भाऊबंदकीत रोटाची बैठक होते त्यातच ठरवून घेतलं की सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत काय वाजवायचं ते वाजवा, रविवारी रात्री कानबाईपुढे नाही. पहिल्यांदा बराच वेळ कोणीच गाईना, सुना एकमेकींकडे बघत बसल्या, शेवटी एका मावशीने सुरू केलं. सुनांना पूर्ण गाणं येत नाही ही खरी अडचण, पण ध्रुवपद धरलं तरी चालतं, ती गाणी बनलेलीच तशी आहेत, ओळ तीच न नुसतं नाव बदलत जातं.

सुरतवासी_खानदेशी:
मला जरा वेगळं वाटतं. इकडे उधना-लिंबायतला आमच्या पोरांच्या कानावर अहिराणी, आपली खानदेशी बोली, पडते ती यूट्यूबवरच्या गाण्यांमुळेच, घरात निम्मं हिंदी-गुजराती. त्या गाण्यांवर नाचायला मिळतं म्हणून ती कानबाईला गावी यायचा हट्ट करतात. नाचणं पण भाग घेणंच आहे ना?

तापीकाठ:
आहेच, दादा, त्याबद्दल वाद नाही. पण त्या नाचात माझ्या आईला जागा कुठंय? तिला चिक्कार गाणी येतात आणि ती रात्रभर गप्प बसते, हे मला बघवत नाही.

शिंदखेडा_भाऊ:
आमना गावमा बी हाईच गत से. पण आखाजी (अक्षय तृतीया) आठवा. निंबाला झोका बांधला की पोरींना गा म्हणून सांगावं लागत नाही, झोक्यावरची गाते, झोका देणारी पण गाते, नुसतं बघत उभं राहणारं तिथे कोणी नसतं. हाताला काम असलं की गळा मोकळा होतो. म्हणून मी म्हणेन रोटाचे गहू सगळे गिरणीवर देऊ नका, थोडे तरी जात्यावर दळा, आजी आणि नात समोरासमोर बसवा. आणि आईची गाणी लगेच रेकॉर्ड करा. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जवळ होतं ते जपलं म्हणून १९५२ ला पुस्तक तरी निघालं, त्या १९५१ मध्येच गेल्या होत्या. किती बायांची गाणी अशीच गेली असतील.

धुळ्याची_ताई:
भाऊंचं जात्याचं एकदम पटलं. रेकॉर्डिंग करून नुसतं ठेवून देऊ नका मात्र, महिनाभर आधीपासून सुनांच्या ग्रुपवर एकेक गाणं टाकत जा, स्वयंपाक करता करता पाठ होतं.

तापीकाठ:
आईला विचारलं, लगेच म्हणे आधी जात्याला टाकी लावून, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टोचून खरखरीत करून, आण. टाकी लावणारा चोपड्याच्या आसपास कोणाला माहीत असेल तर कळवा.